मी टाकीपाशी होते

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्यासमोर मला उद्या सकाळी कंबरेला काळा पट्टा बांधून उभं राहायचं नाही. म्हणजे बघा, सांगायलाही मी सोपी जागाच शोधली.

कुठून सुरू करू? सरळ सांगायला गेले की जीभ अडते. थोडं फिरून येते. चालेल ना?

मी कराटे शिकवते. मुलींना आणि बायकांना. भद्रावतीत एका शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा वर्ग असतो. मी वाढले माजरीला, खाण कॉलनीत. बाबा कोळशाच्या खाणीत कामाला होते. कॉलनीच्या क्लबात एक सर कराटे शिकवायचे. सगळी पोरं, आणि त्यांच्यात मी एकटी पोरगी. आई माझा पांढरा ड्रेस दोरीवर वाळत घालायची आणि संध्याकाळपर्यंत तो कोळशाच्या धुळीनं करडा व्हायचा. तसाच घालून मी बेल्टच्या परीक्षा दिल्या. हे सगळं मी शाळाशाळांत सांगते. लोकांना आवडतं.

शाळा-कॉलेजांत मला आत्मसंरक्षणाच्या शिबिराला बोलावतात. तिथं मी एक गोष्ट हमखास सांगते. माझी एक विद्यार्थिनी होती, एका रिकाम्या हॉलमध्ये एका माणसानं तिला धरलं. ती ओरडली. तिनं कोपर मारला आणि तो माणूस खाली पडला. मी धावत वर गेले, तिला जवळ घेतलं, पोलीस ठाण्यात तिच्या बाजूनं उभी राहिले. एवढं सांगून मी थांबते. मुली टाळ्या वाजवतात. एखादी शिक्षिका पदरानं डोळे टिपते. मी बाटलीतलं पाणी पिते.

यातलं कोपरापर्यंतचं खरं आहे.

त्या वेळी आम्ही कोरपन्याला राहायचो. नवरा सिमेंट कंपनीत ठेकेदाराकडे होता. मला वर्गासाठी जागा मिळत नव्हती. शाळेच्या मैदानावर पोरं भिंतीवर बसून शिट्या मारायची, मुली दोन दिवस यायच्या आणि बंद व्हायच्या. मग विलासभाऊंनी आपल्या मंगल कार्यालयाचा वरचा हॉल दिला. लग्नं नसतील तेव्हा वापरा म्हणाले, भाडं नको. तालुक्यात त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या एका फोनवर मला चार शाळांत शिकवायचं काम मिळालं. बोलणं गोड, मान देऊन. मला नेहमी 'ताई' म्हणायचे. वर्ग सुरू असला की खालून चहा पाठवायचे.

आणि कधीकधी चहाच्या मागून स्वतःही यायचे. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. मुली वाकून पाय ताणत असायच्या, तेव्हा तर नक्कीच.

एकदा मुलींपैकी कुणीतरी विचारलं, "मॅडम, ते काऊन उभे राह्यतात जी?" मी काय केलं? म्हटलं, हॉल त्यांचा आहे, तुम्ही समोर बघा. शिकवताना मी मुलींना काय सांगायचे माहीत आहे? पोटात कसंतरी झालं की तेच खरं समजायचं, मोठ्यांनी काही का सांगेना. त्याच तोंडानं मी त्यांना समोर बघायला लावलं. मलाही पोटात कसंतरी होतच होतं ना. रोज व्हायचं. दारात सावली आली की माझा आवाज बारीक व्हायचा, आणि तो बारीक झालाय हे मुलींना कळू नये म्हणून मी जास्त जोरात मोजायला लागायचे.

तर, जोसना.

नाव ज्योत्स्ना, पण सगळे जोसनाच म्हणायचे. पैनगंगेच्या काठच्या गावची. बाप नदीत जाळं टाकायचा, आई बाजारात मासोळ्या विकायची. बारावी झालेली होती आणि पोलीस भरतीची तयारी करत होती. आमच्या भागात पोरी भरतीसाठी कशा पळतात ते तुम्ही पाहिलं असेल. डांबरी रस्त्यावर, उजाडायच्या आत, ओढणी कंबरेला बांधून. जोसना तशी पळायची आणि मग बसनं कोरपन्याला माझ्या वर्गाला यायची. लहानपणापासून बापाबरोबर जाळं ओढून तिचे खांदे भरलेले होते. मी दाखवलेली गोष्ट ती एकदा बघायची आणि करायची. फक्त ओरडणं तिला जमायचं नाही.

तुम्हाला वाटेल कराटे म्हणजे लाथा-बुक्क्या. तसं नाही. मुलींना आधी ओरडायला शिकवावं लागतं. घरात त्यांना सांगितलेलं असतं की हळू बोल, हळू हस. त्यामुळं गळ्यातून चिरका आवाज निघतो आणि तोंडावर हात जातो. मी जोसनाच्या पोटावर मूठ टेकवून म्हणायचे, इथून काढ. ती लाजून हसायची. मी सगळ्यांना सांगायचे की तुम्ही ओरडा, जवळ जो कोणी असेल तो येईल. येतोच.

तुम्हाला आता कळलं असेल मी कुठं चाललेय. तरी सांगते. सांगायलाच तर बसलेय.

दुपार होती. उन्हाळा संपत आला होता, लग्नाचा हंगामही. वर्ग सुटला, मुली गेल्या. जोसनाची बस उशिरा असायची, म्हणून ती मागं थांबून सतरंज्या घडी करायची. मी खाली मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीवर हातपाय धुवायला गेले. धुतल्यावर लक्षात आलं की स्कूटीची चावी वरच राहिली. अनवाणीच जिना चढायला लागले. जिना मध्येच वळतो. त्या वळणावर सिमेंटची जाळी आहे आणि तिच्यातून अख्खा हॉल दिसतो.

तिथं पोचले आणि आवाज आला.

पोटातून आला होता. इतके महिने मी जो तिच्याकडून मागत होते तोच. तोवर माझ्या एकाही मुलीनं तसा काढला नव्हता. मला — हे सांगताना लाज वाटते — मला क्षणभर बरं वाटलं. जमलं पोरीला, असं वाटलं. मग मी जाळीतून पाहिलं.

विलासभाऊंनी तिचे हात धरले होते. तिला ते स्टेजकडे रेटत होते. तिच्या सलवार कमीजची बाही खांद्यावर उसवली होती. ती पुन्हा ओरडली. या वेळी शब्द होता. 'मॅडम' म्हणाली.

मी वर गेले नाही.

पाय अडले. होतं असं, मी मुलींना शिकवते की होतं, शरीर गोठतं, त्यात लाज नाही, श्वास सोडा आणि हला. मी श्वास सोडला. आणि हललेसुद्धा. पण खाली. भिंतीला हात लावून, आवाज होणार नाही अशी एकेक पायरी उतरत. घाबरले होते का? हो. पण तेवढंच असतं तर मी आज तुमच्यापुढं असं अडखळत बोलले नसते. जाळीपाशी उभी असताना माझ्या मनात स्पष्ट शब्दांत एक विचार आला होता. आता मला यांनी पाहिलं तर हा हॉल गेला, शाळा गेल्या. तो विचार पूर्ण झाला. मगच मी वळले.

टाकीपाशी जाऊन मी नळ पूर्ण सोडला. धुतलेले पाय परत धुवायला लागले. पाण्याचा आवाज मोठा होता. तो मला हवाच होता. तरी वर काहीतरी जड पडल्याचं ऐकू आलंच.

मग जोसना धावत खाली आली. बाही फाटलेली, ओठ पांढरे. आणि मी — मी दचकले. म्हणजे दचकल्यासारखं केलं. ओले हात पुसत विचारलं, "काय झालं गं?"

तिनं मला मिठी मारली. म्हणाली, "मॅडम, मी त्यायले मारलं जी. कोपर मारला. लागलं त्यायले." तिच्या पाठीवर हात फिरवून मी म्हटलं, बरं झालं. बरं झालं म्हटलं मी.

ते स्टेजच्या कडेवर पडले होते. गळपट्टीचं हाड मोडलं. संध्याकाळपर्यंत गावात बोभाटा झाला की पोरगी भांड्यांच्या खोलीचं कुलूप तोडत होती, भाऊंनी हटकलं, तिनं हल्ला केला. त्यांच्या माणसांनी तक्रार दिली. जोसनाच्या बापानंही दिली, पण त्यांना विचारलं गेलं, साक्षीदार कोण? जोसनानं सांगितलं की मॅडम खाली होत्या, त्यायनं ऐकलं असन.

मला जबाब द्यायला जायचं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळी तिची आई घरी आली. फडक्यात बांधलेल्या मासोळ्या घेऊन. मी नको नको म्हणत होते.

"बाई, तुमी होत्या ना जी तिथी?" दारातच उभी राहून तिनं विचारलं. "लोकं पोट्टीले चोर म्हणून राह्यले. तिची भरती हाय. केस लागली तं कोन घेईन तिले? तुमी तेवढं सांगजा. तुमचं ऐकतात."

"मी टाकीपाशी होते," मी म्हटलं. "नळ सुरू होता."

ती माझ्याकडं बघत राहिली. नळाचं आणि तिच्या पोरीचं काय नातं, हे बिचारीला कळलं नसावं. मासोळ्या ओट्यावर ठेवून ती गेली. मी त्या रांधल्या. नवऱ्यानं खाल्ल्या, मीही खाल्ल्या. नवऱ्यानं विचारलं, नेमकं काय झालं होतं? त्यालाही तेच सांगितलं. टाकी, नळ. दोनदा सांगितल्यावर ते वाक्य तोंडात बसलं.

ठाण्यात मी तेच बोलले. मी टाकीपाशी होते, नळ सुरू होता, मला काही ऐकू आलं नाही, मी काही पाहिलं नाही. लिहून घेणाऱ्यानं पुन्हा विचारलं, काहीच नाही? काहीच नाही. मी सही केली. पेन परत दिलं.

बाहेर कडुनिंबाखाली जोसना उभी होती. तिला आतून कोणीतरी सांगितलं असावं. मला वाटलं ती आता माझ्या अंगावर येईल, आणि खरं सांगू? मी अंदाज घेत होते की ती आली तर मी काय बोलायचं, कसा आवाज चढवायचा. पण ती जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "मॅडम, मी ओरडली तवा आवाज खालपर्यंत आला नाई का?"

मी म्हटलं, "नाही आला गं."

तिनं मान खाली घातली. "मंग मी बरोबर नाई ओरडली असन."

तिथं एक क्षण होता. असे क्षण फार नसतात आयुष्यात. ठाण्याचं दार चार पावलांवर, उघडं. मी आत जाऊ शकत होते. निदान तिला तरी सांगू शकत होते की नाही बाई, तू बरोबर ओरडलीस, त्याहून बरोबर कुणी ओरडू शकत नाही. मी काय केलं? तिच्या खांद्यावर थोपटलं. आणि म्हटलं — हे मी आजवर मनातसुद्धा पूर्ण उच्चारलेलं नाही — म्हटलं, "सराव कर. जमेल."

पुढं तिनं भरतीचं मैदान मारलं. धावणं, गोळाफेक, सगळ्यात वरच्या मुलींत होती. पण गुन्हा अंगावर होता आणि चारित्र्य पडताळणीत ती अडकणार हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा विलासभाऊंकडून निरोप आला. पोरीनं चार लोकांसमोर माफी मागावी, ते तक्रार मागं घेतील. तिचा बाप माझ्याकडं सल्ल्याला आला. बाहेरच चप्पल काढून, आत यायला तयार नाही. म्हणाला, "तुमी म्हणान तसं करतो मॅडम. तुमी शिकल्या-सवरल्या."

मी म्हटलं, मागून टाका माफी. विषय संपेल.

माफी त्याच हॉलमध्ये मागितली गेली. विलासभाऊ खुर्चीवर, हात अजून गळ्यात बांधलेला. आजूबाजूला गावची माणसं. मलाही खुर्ची दिली होती, पुढच्या रांगेत. जोसना उभी राहिली आणि म्हणाली की माझ्या हातून चूक झाली, भाऊ मले माफ करा. ती हे माझ्याकडं बघत बोलली. काही विचारत नव्हती, दोष देत नव्हती. परीक्षेला उभी असताना मुली शिक्षकाकडं बघतात ना, बरोबर करतेय का म्हणून, तसं. मी मान हलवली. नंतर चहा आला. सगळ्यांनी घेतला.

समझोता झाला, पण कोर्टातून मोकळं व्हायला वेळ लागला आणि तेवढ्यात ती भरती हातची गेली. पुढची निघायच्या आत घरच्यांनी तिचं लग्न उरकलं. चोर म्हणून नाव झालेली पोरगी किती दिवस घरात ठेवायची, असं तिची मावशी मला बाजारात म्हणाली.

मी त्या हॉलमध्ये पुढंही शिकवत राहिले. चहाही येत राहिला. मुली मात्र एकेक करून कमी झाल्या, कोणी कारण सांगितलं नाही. शेवटी नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही भद्रावतीला आलो. ती गोष्ट सांगायला मी इथं आल्यावर सुरुवात केली. पहिल्यांदा एका शाळेत नकळत तोंडून गेली. 'मी धावत वर गेले' असं. टाळ्या पडल्या. त्या रात्री झोप लागली नाही, वाटलं कोरपन्याचं कोणी बसलं असलं तर? कोणी नव्हतं. मग पुढच्या शाळेत पुन्हा सांगितली. दर वेळी सांगायच्या आधी समोरच्या चेहऱ्यांवर नजर फिरवते, ओळखीचं कोणी आहे का बघते, आणि मग सांगते.

मागच्या हिवाळ्यात एक बाई शेडच्या दाराशी आली. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. मी ओळखलं नाही. ती हसली आणि खांदे हलले, तेव्हा ओळखलं. मी शेडच्या खांबाला धरलं.

लग्न होऊन ती माजरीच्या बाजूला आली होती. मुलीला म्हणाली, "पाया पड. यायनंच शिकवलं मले." मुलगी वाकली. मी मागं सरकायला हवं होतं. सरकले नाही.

मुलीला वर्गात घालायचं होतं. मी नाव घेतलं, वेळ सांगितली. मुलगी आत बाकीच्यांकडं पळाली. जोसना तिथंच थांबली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मग एकदम बोलायला लागली. राग नव्हता, रडणं नव्हतं. वर्षानुवर्षं घरात पडून असलेल्या वस्तूबद्दल बोलावं तसं.

"मॅडम, आमच्या घरी अजून निघते ती गोष्ट. भांडण झालं का नवरा म्हणते, तू तं मोठ्या मानसाचं हाड मोडून आली. म्हणते, खरंच धरलं होतं का त्यानं, का तू उगाच बोंबलली? सासू बी म्हणते. मंग माफी काऊन मांगली म्हणते." तिनं ओढणीचं टोक सोडलं. "कधी कधी मलेच वाटते मॅडम. एवढे लोकं म्हणतात तं. धरलं होतं का त्यानं, का मीच भेली?"

शेडमध्ये मुली रांगेत उभ्या राहत होत्या. कोणीतरी हाक मारली मला. जोसना माझ्याकडं बघत होती. उत्तर मिळेल म्हणून नव्हे, मी तर टाकीपाशी होते.

मी म्हटलं, "पाणी घेशील?"

नको म्हणाली. मुलीला सुटल्यावर न्यायला येते म्हणाली आणि बसस्टँडकडं चालू लागली. मी आत जाऊन शिकवायला लागले. तिची मुलगी अजून येते माझ्याकडं. चांगली आहे. जोसना तिला सोडायला येते, न्यायला येते, मला नमस्कार करते. मी नमस्कार घेते.

धरलं होतं, जोसना. दोन्ही हातांनी. मी जाळीतून पाहत होते.